दिवा आधी पेटला पाहिजे

साडेसातची एसटी अणदूरच्या स्टँडवरून निघून गेली, ती वैजनाथच्या शब्दावर सोडली होती. "माझी जीप असताना एसटीची वाट कशाला बघता?" असं तो आदल्या दिवशी गौरी मॅडमना छाती ठोकून म्हणाला होता. आता शाळेच्या फाटकापाशी खो-खोच्या बारा मुली, त्यांच्या मॅडम आणि बघायला जमलेली पन्नासेक माणसं त्या जीपभोवती उभी होती. जिल्ह्याचा अंतिम सामना धाराशिवला होता. साडेदहाच्या आत हजेरी लागली नाही, तर समोरच्या संघाला न खेळताच पुढे चाल मिळणार होती.

जीपला दुसरं इंजिन कालच बसवलं होतं. सोलापूरच्या एका भंगारवाल्याकडं ते वर्षभर पडून होतं. वैजनाथनं स्वतः पारखून आणलं, साखळीच्या कप्पीला टांगून स्वतःच बसवलं. त्याचा मूळ धंदा बोअरच्या मोटरींचा आणि पाइपलाइनचा. पण एकदा हातात पाना आला की माणसाला कुठलं यंत्र परकं नाही, असं त्याचं मत.

त्यानं किल्ली फिरवली आणि स्टार्टर मारला. इंजिन खोकलं, काळा धूर ओकलं आणि एकदम धडधडायला लागलं. मुलींनी अशी आरोळी ठोकली की लिंबावरचे कावळे उडाले.

"काका, बंद करा!"

ही राजेश्वरी, वैजनाथची पुतणी. एसटीच्या आगारात मेकॅनिक. आज तिची सुटी होती, आणि धाकटी बहीण शिवांजली संघाची कप्तान, म्हणून ती निरोप द्यायला आली होती. बाकीचे इंजिनाकडं बघत होते, तेव्हा ती खिडकीतून डॅशबोर्डवरच्या दिव्यांकडं बघत होती.

"का गं?"

"आधी बंद करा, मग सांगते."

वैजनाथनं तोंड वाकडं करून इंजिन बंद केलं.

"किल्ली फिरवली तवा तेलाचा लाल दिवा पेटलाच न्हाय," राजेश्वरी म्हणाली.

"न्हाय पेटला म्हंजे तेल झ्याक हाय. येवढं बी शिकवत न्हाईत व्हय आगारात?"

"इंजिन सुरू व्हायच्या आधी तो पेटला पाहिजे, काका. तवा तेलाला दाब नसतो. इंजिन फिरलं, दाब आला, की विझतो. मेलेल्या राखणदाराला चोर दिसला न्हाय, म्हणून चोर आलाच न्हाय का?"

"एसटीची माणसं!" वैजनाथ गर्दीकडं वळून म्हणाला. "गाडी येळेवर सुटली की यांना चुकल्यासारखं वाटतं."

गर्दी हसली. राजेश्वरीनं तोवर बॉनेट उघडलं होतं. इंजिनाच्या कुशीत बसवलेल्या, तेलाचा दाब ओळखणाऱ्या स्विचची वायर तिनं उपसली आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. "शिवा, किल्ली फिरव. पेटला का?"

"पेटला!"

म्हणजे दिवा शाबूत, वायर शाबूत. तिनं स्विचच खोलून हातात घेतला, आणि कपाळाला हात लावला. त्याच्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे सात-आठ वेढे होते.

"ही टेप कुणी लावली?"

"म्या लावली. आट्याला टेप लागतीच. तीस वर्षांत माझा एक पाइप गळला न्हाय."

"हा पाइप न्हाय, काका. ह्याला लोखंडाला लोखंड भिडावं लागतं, तवा कुठं करंट वाहतो. तुमी त्याला स्वेटर घातलाय."

मुली खिदळल्या. तिनं टेप खरवडून काढली, आटे पुसले, स्विच बसवला, वायर जोडली. किल्ली फिरवताच लाल दिवा लख्ख पेटला. टाळ्या पडल्या. गौरी मॅडमनी घड्याळ पाहिलं: आठ वाजून पंचवीस मिनिटं.

"आता सुरू करा. पाच मोजेपर्यंत विझला पाहिजे."

इंजिन धडधडलं. मुलींनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. दिवा तसाच.

राजेश्वरीनं हात आडवा केला. इंजिन थांबलं.

"आधी पेटंना म्हणून भांडलीस," वैजनाथ कळवळला, "आता इझंना म्हणून भांड!"

"वायर तोडून टाका की," मागून कुणीतरी सल्ला दिला. "दिव्यावर चालती का गाडी?"

राजेश्वरीनं तेलाची काडी ओढून पाहिली. तेल भरपूर होतं. मग ते वर चढत का नव्हतं? उत्तर तिच्या ओठांवर आलंच होतं, पण वैजनाथ इंजिनाकडं टक लावून पुटपुटायला लागला. "वरीसभर पडून होतं... कोरडं... फिल्टर म्या नवा बसवला, त्यो बी कोरडा..." एकाएकी त्यानं मांडीवर थाप मारली. "आरं तिच्या! पंपानं हवा धरलीय!"

विहिरीवरचा पंप सुरू करण्याआधी त्याला पाणी पाजल्याशिवाय त्यानं जन्मात कधी बटण दाबलं नव्हतं. इथं मात्र विसरला होता.

"बरोबर," राजेश्वरी म्हणाली. "पाजा तेल."

तो जीपखाली घुसला. फिल्टर खोलून त्यानं उलटा केला. जमिनीवर थेंबही पडला नाही. त्यानं तो तेलानं काठोकाठ भरला आणि हातानंच आवळून बसवला. राजेश्वरीनं इंजिन पेटू नये म्हणून स्टॉपचा दांडा ओढून धरला आणि नुसता स्टार्टर मारला. घरघर. दिवा पेटलेलाच. थोडं थांबून पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा दिवा थरथरला.

"हालला! हालला!" शिवांजली ओरडली.

चौथ्यांदा तो फिका झाला आणि विझला.

राजेश्वरीनं दांडा सोडला, इंजिन पेटलं, दिवा विझलेलाच राहिला. फाटकापाशी जो गलका उठला त्यात इंजिनाचा आवाजही बुडाला. तेलानं माखलेला वैजनाथ जीपखालून निघाला तो थेट स्टिअरिंगवर जाऊन बसला. "चढा गं पोरींनो! राजे, तू पुढं बस, माझ्या शेजारी."

तुळजापूर मागं पडलं तरी तो धड रस्त्याकडं बघेना. दर दोन मिनिटांनी नजर खाली, दिव्यावर.

"काका, समोर ट्रॅक्टर हाय!" बारा जणी मागून एकदम ओरडल्या.

"दिसलाय मला. तुमी तुमचं मैदान बघा."

"मी दिवा बघते," राजेश्वरी म्हणाली. "तुमी रस्ता बघा."

धाराशिवच्या मैदानात जीप शिरली तेव्हा दहा वाजून बावीस मिनिटं झाली होती. ती पुरती थांबायच्या आत गौरी मॅडम संघाची यादी उंचावत पंचांच्या टेबलाकडं धावल्या, आणि त्यांच्या मागं बारा मुली.