प्रवेशाचा चौकोन

कॉलेजात मी माझ्या नवऱ्याला ‘सर’ म्हणते, घरी ‘अहो’. इथे मात्र ‘तो’ म्हणणार आहे. तेवढी मुभा मी आता घेतली आहे.

तो संगणक विभागाचा प्रमुख. मी त्याच विभागात शिकवते. दोन वर्षांपूर्वी प्राचार्यांनी ठरवलं, की कॉलेजचा सगळा कागदी कारभार संगणकावर न्यायचा. प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी बाहेरची होती, पण आपल्याकडे काय काय आहे आणि कशाचा कशाशी संबंध आहे, हा आराखडा आधी कॉलेजने करून द्यायचा होता. त्याला ईआर डायग्राम म्हणतात. वर्गात मी तो दरवर्षी शिकवते. माणसं आणि वस्तू चौकोनात, त्यांच्यातली नाती पतंगासारख्या तिरक्या चौकोनात, बारीकसारीक माहिती लंबगोलात. विद्यार्थी हा एक चौकोन, अभ्यासक्रम हा दुसरा, मधे रेघ. फळ्यावर दहा मिनिटांत उरकतं.

काम अर्थातच विभागप्रमुखाकडे आलं. त्याने ते संध्याकाळी घरी आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“तुझा हात चांगला आहे चित्राला,” म्हणाला.

मी खूश झाले होते, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डरूममध्ये गेले. दुसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, कापडी पाठीची रजिस्टरं, आणि नीट न लागणाऱ्या खिडकीच्या फटीत घड्या घालून खुपसलेला पुठ्ठा. तिथे जे कारकून बसत त्यांना मुलं ‘मागेपुढे काका’ म्हणत. कुणी काहीही विचारायला गेलं, की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “थांबा, मागेपुढे बघायला हवं.” निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, पण खुर्चीतून उठून रजिस्टर काढायचा कंटाळा त्यांना आलेला मी कधी पाहिला नाही.

“काका, एका विद्यार्थ्याचा एक अभ्यासक्रम. बरोबर?” मी वहीत लिहीतच विचारलं.

ते आवाज न करता हसले आणि तीन रजिस्टरं काढून माझ्यापुढे उघडी ठेवली.

“हा बघा. वनस्पतीशास्त्राला आला, वर्षभरात इतिहासाला पळाला. हा एकाच वेळी दोन ठिकाणी, सकाळी पदवी, दुपारी पदविका. आणि ही मुलगी. दोन वर्षं भौतिकशास्त्राला होती. वडील अंथरुणाला खिळले म्हणून घरी बसली. आता परत आलीय ती संख्याशास्त्राला. भाषेचे आणि गणिताचे चार पेपर तिचे सुटलेत, ते जुने मार्क धरायचेत. सांगा बाई, कुठे मारता रेघ?”

“अशी किती असतील?”

“उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठकोऱ्या कागदावर दहा वर्षांचे आकडे लिहून दिले. दर वर्षी तीसच्या वर, एका वर्षी एकेचाळीस.

जिना उतरता उतरता मला उमगलं. प्रवेश हे नुसतं नातं नाही, त्याला स्वतःचा चौकोन हवा. विद्यार्थी कितीही वेळा आत येवो, दर वेळी नवा प्रवेश. मार्क चिकटणार ते त्या त्या प्रवेशाला. माणूस एक दार सोडून दुसऱ्या दारातून आला, तरी पहिल्या दारावरची नोंद पुसली जाणार नाही.

पुढचे तीन महिने मी कॉलेजभर हिंडले. परीक्षा विभागात टेबलाच्या कडेला उभी राहून फेरतपासणीचे नियम उतरवून घेतले. ग्रंथपालबाईंनी सुनावलं, की पुस्तकं काय फक्त मुलंच बुडवतात असं वाटतंय का तुम्हाला, प्राध्यापकांची यादी काढू? चार मोठे कागद चिकटवून केलेला आराखडा घरी जेवणाच्या टेबलावर पसरलेला असायचा. तो उचलला की कडा दुमडत, म्हणून मी उचलायचीच नाही. सासूबाई ताट मांडीवर घेऊन जेवायच्या. एकदा फक्त म्हणाल्या, “तुझ्या या चौकोनांना पोटपाणी नाही, आम्हाला आहे.” पण कागदावर कधी भाजीचा थेंब पाडला नाही.

आराखडा पुरा झाल्यावर मी तो काकांना दाखवला. त्यांनी प्रत्येक रेघेवर बोट फिरवलं, शेवटी म्हणाले, “आता कुणी हरवणार नाही,” आणि कोपऱ्यात तारीख घालून सही केली. कुणी मागितली नव्हती.

मी प्रत काढून नवऱ्याला दिली. तो ती घेऊन कंपनीच्या माणसांना भेटला आणि आठवड्याने घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, “तो प्रवेशाचा चौकोन उडवलाय.”

“म्हणजे?”

“ते म्हणाले, फार गुंतागुंत होतेय, तीन आठवडे वाढतील. प्राचार्यांना नवीन वर्षाच्या आधी हवंय. मग अभ्यासक्रम सरळ विद्यार्थ्यालाच जोडून टाकला.”

“अहो, मग जो अभ्यासक्रम बदलेल त्याचं काय? नवा लिहिला की जुना पुसला जाणार. गुणपत्रक काढताना जुन्या विषयांचे मार्क सापडणारच नाहीत.”

“पाच-दहा पोरांसाठी एवढा पसारा?”

“पाच-दहा नाहीत. काकांनी आकडे दिलेत.”

“काका!” तो हसला. “काका आता आपल्याला डेटाबेस शिकवणार. ऐक, हे तुझं वर्गातलं आदर्श चित्र नाही. खऱ्या कामात थोडं इकडेतिकडे करावं लागतं.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “चहा गार होतोय.” तो चहा प्यायला गेला. विषय तिथेच संपला. खरं तर मी तो संपू दिला.

सादरीकरण मोठ्या हॉलमध्ये झालं. मी चौथ्या रांगेत बसले होते. पडद्यावर माझे चौकोन होते, माझेच लंबगोल, फक्त मधली एक जागा सपाट केलेली, आणि खाली त्याचं एकट्याचं नाव. त्याने बोलणं छान केलं, ते त्याला येतंच. “तीन महिने घरचं जेवणाचं टेबल या कामाला दिलं होतं,” असं म्हणाला तेव्हा लोक हसले. टाळ्या पडल्या. मग प्राचार्यांनी विचारलं, “कुणाला काही शंका?”

माझा हात मांडीवरून उठला होता. खरंच उठला होता. तेवढ्यात त्याने माझ्याकडे बघितलं. दटावून नाही, वर्गात एखादं हुशार पोर उगाच अवघड प्रश्न विचारणार हे कळल्यावर आपण बघतो तसं. मी त्याच हाताने पदर सारखा केला. भर सभेत नवऱ्याला खोटं पाडायचं? घरी जाऊन परत सांगू, असं मनाशी म्हटलं. मागे शेवटच्या रांगेत काका उभे होते. त्यांचं त्या बोटभर फरकाकडे लक्ष गेलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं, “बघितलं होतं मी. म्हटलं, बाई आहेत ना, त्या बोलतील.”

नवीन पद्धत सुरू झाली. रजिस्टरं पोत्यांत भरून क्रीडासाहित्याच्या खोलीत टाकली. काकांची खुर्ची खाली आवक-जावकच्या टेबलाशी आणली.

वर्षाअखेरीला गुणपत्रकं छापून आली आणि तिसऱ्याच दिवशी ती मुलगी खिडकीशी आली. संख्याशास्त्राची. चार पेपरांपुढे रेघा आणि खाली ‘अपूर्ण’. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, “संगणकात नाहीत.” ती म्हणाली, मी पास झालेय, माझ्याकडे जुन्या झेरॉक्स आहेत. तो म्हणाला, “झेरॉक्सवर आम्ही शिक्का मारत नाही.” तिची एका सरकारी प्रयोगशाळेत निवड झाली होती. मूळ गुणपत्रक द्यायला नऊ दिवस होते. ती रोज येत राहिली. खिडकीवरून परीक्षा विभाग, तिथून आमचा विभाग, तिथून कंपनीचा फोन नंबर. मी तिला दोनदा जिन्यात ओलांडून गेले. पहिल्यांदा ओळखलं नाही. दुसऱ्यांदा हातातल्या झेरॉक्सवरून ओळखलं.

दहाव्या दिवशी ती आली नाही. तोवर बाकीचे यायला लागले होते. मोजदाद झाली तेव्हा आकडा सदतीस निघाला.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. तो माझ्या आधी खुर्चीत बसला आणि माझ्या आधी बोलला.

“मूळ आराखडा मॅडमचा आहे, सर. सगळं डिझाइन त्यांनीच केलं. मी फक्त सादर केलं.”

लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने चारचौघांत माझ्या कामाचं श्रेय मला दिलं.

मी मूळ कागद बरोबर नेला होता. तो टेबलावर उलगडला. प्रवेशाचा चौकोन, तारीख, काकांची सही. सगळं सांगितलं, चहा गार होत होता तेही सांगायचं राहिलं नाही. प्राचार्यांनी चष्मा लावून बराच वेळ कागद बघितला.

“म्हणजे हा फरक तुम्हाला आधीपासून माहीत होता,” ते म्हणाले.

“हो सर.”

“सादरीकरणाला तुम्ही हॉलमध्ये होतात. मी शंका विचारल्या होत्या.”

मी शेजारी बघितलं. नवरा खिडकीबाहेर बघत होता.

“हे बघा,” प्राचार्य कागदाची घडी घालत म्हणाले, “तुमच्या घरातली भांडणं तुम्ही घरात मिटवा. मला हे दुरुस्त करून हवंय.”

आदेश दोन दिवसांत निघाला. आराखडा मूळ स्वरूपात आणण्याची आणि सदतीस जणांच्या नोंदी कागदावरून पुन्हा भरण्याची जबाबदारी माझी, मदतीला रेकॉर्डचे कारकून. कंपनीशी बोलायला एक समन्वयक हवा होता. समन्वयक म्हणून त्याला नेमलं.

त्या दिवशी घरी मी स्वयंपाक केला नाही. सासूबाईंनी काय झालं ते विचारून घेतलं, मग हातातल्या टॉवेलची घडी करत राहिल्या.

“चित्र तू काढलंस, ते मला माहीत आहे,” म्हणाल्या. “तीन महिने मांडीवर ताट घेऊन जेवलेय मी. त्याने त्यातली एक रेघ मारलेली बघितली नाही. पण मला कोण विचारतंय?”

“तुम्ही त्यांना सांगा ना.”

“आणि उद्या मी कुणाकडे राहू?”

त्यांनी टॉवेल दांडीवर टाकला. मला त्यांचा राग आला नाही. हॉलमधल्या चौथ्या रांगेत मी तरी वेगळं काय केलं होतं?

आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि काकांनी, क्रीडाखोलीत फाटक्या जाळ्या आणि हवा गेलेल्या चेंडूंमध्ये बसून पोती सोडली. काही रजिस्टरांना ओल लागली होती, पानं एकमेकांना चिकटली होती. काका ती पट्टी घालून हलक्या हाताने सोडवायचे आणि मोठ्याने वाचायचे, मी लॅपटॉपवर भरायची. एकदा मी म्हटलं, “काका, तुम्ही मला एकदाही दोष दिला नाहीत.”

“दिला की,” ते पानावरची नजर न काढता म्हणाले. “मनातल्या मनात. रोज देतो. हां, लिहा, द्वितीय वर्ष, गणित, एकसष्ट.”

अडीच महिन्यांत पस्तीस जणांच्या नोंदी जुळल्या. दोघांची पानं हाताला लगदाच लागली.

संख्याशास्त्राच्या मुलीला मी स्वतः फोन केला. ती दुपारी आली. मधल्या काळात एका कापडाच्या दुकानात कामाला लागली होती, जेवणाच्या सुट्टीत आले म्हणाली. तिने गुणपत्रक उभ्यानेच तपासलं. नाव, जन्मतारीख, एकेक विषय. सगळं बरोबर होतं.

“प्रयोगशाळेची जागा?” मी विचारलं.

“पुढच्याला दिली.”

ती वळली तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. “हे असं होणार, मला आधी माहीत होतं,” मी म्हणाले. “मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.”

ती थांबली. रागावली असती, रडली असती तरी मला चाललं असतं.

“हे मला कशाला सांगताय, मॅडम?” ती म्हणाली. “तुम्हाला हलकं वाटावं म्हणून?”

आणि गुणपत्रक पिशवीत सरळ उभं ठेवून ती गेली. दुकानात उशीर झालेला चालत नसणार.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. गॅस संपला, तुमच्या आईचं औषध आणा, एवढं बोलणं होतं. काका निवृत्त झाले. निरोपसमारंभाचं भाषण त्यानेच केलं, छान झालं.

या वर्षीपासून डेटाबेसचा विषय तो शिकवतो, त्याने मागून घेतला. परीक्षेचे पेपर मात्र माझ्याकडे आले. एक प्रश्न होता, प्रवेशाला स्वतंत्र चौकोन का द्यावा? सत्तरएक मुलांनी जवळजवळ एकसारख्या शब्दांत लिहिलं होतं: विद्यार्थी अनेकदा येऊ शकतो, त्याची जुनी नोंद पुसली जाऊ नये. एका मुलीने खाली कंसात भर घातली होती, की सरांनी हे स्वतःच्या अनुभवातून सांगितलं.

उत्तर बरोबर होतं. मी तिला पाचपैकी पाच दिले आणि पुढचा पेपर घेतला.