मागचे दोन बोल्ट

विकलेला ट्रॅक्टर न्यायला वीटभट्टीवाले चार वाजता येणार होते. सकाळी दहापर्यंत भावाने पुढचे सहाच्या सहा बोल्ट आवळून टाकले. मागचे दोन राहिले. ते त्याच्याच्याने होण्यासारखे नव्हते, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं, तरी तो तासभर त्यांच्याशी झटत राहिला. शेवटी शेडमधून घरात आला, हात न धुताच दारात उभा राहिला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, जरा हात लागेल."

अडीच महिन्यांत तो आपणहून तिच्याशी बोलला, ते हे पहिलं वाक्य.

ती उठली. बाबांचे कपडे आवरायला म्हणून ती आठवड्यापूर्वी आली होती आणि अजून एकच कपाट झालं होतं. हातातला स्वेटर तिने तसाच पलंगावर ठेवला आणि बाह्या वर सारत त्याच्यामागे शेडमध्ये गेली.

ट्रॅक्टर नाक दाराकडे करून उभा होता. पुढे माती उचलायच्या लोडरची बकेट जमिनीला टेकलेली, तिच्यामागे दोन लांब लोखंडी हात. हे हात ज्यांच्यावर पेलले जातात ती दोन ब्रॅकेटं चासीला दोन्ही अंगांनी बोल्टांनी जखडलेली असतात, एकेका बाजूला आठ-आठ. डावं ब्रॅकेट कोरं होतं, अपघातानंतर फिटरने बसवलेलं. उजवं जुनंच. त्याचे सहा बोल्ट समोर, कुणालाही दिसतील असे. उरलेले दोन मात्र ब्रॅकेटच्या पाठीला, इंजिनाच्या अंगाशी, हायड्रॉलिकच्या नळ्यांच्या आड. तिथे पाना फिरत नाही. डोळ्यांना तर काहीच दिसत नाही, आरसा धरावा लागतो. रीतसर करायचं तर आधी नळ्या सोडा, तेल काढा, म्हणजे पुरा दिवस गेला. एवढा धीर बाबांच्यात कधीच नव्हता.

त्यांनी दुसरी तोड काढली होती. मुलगी दहा वर्षांची असताना त्यांनी तिचा हात त्या फटीत घालून पाहिला, तो कोपरापर्यंत सुळकन गेला. बोल्टच्या डोक्यावर बसतं ते पान्याचं टोक म्हणजे सॉकेट; त्यात ग्रीस भरायचं, म्हणजे ते निसटत नाही. मग न बघता, नुसत्या बोटांनी ते बोल्टच्या डोक्यावर बसवायचं. खालून बाबा त्यात लांब दांडा घालणार आणि रॅचेटचा दातेरी पाना ओढणार. त्या दिवसापासून तिचं नाव चिमटा पडलं. "मला एक मुलगा आणि एक चिमटा," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. ती मोठी झाली, शहरात जाऊन पुस्तकांची मुद्रितं तपासायला लागली, तरी हात तेवढाच बारीक राहिला. वर्षातून दोनदा घरी आली की पहिल्या सकाळी ते दोन-दोन बोल्ट ठरलेले.

आणि बोल्ट आवळला की रेघ. बाबांनी तिच्या अभ्यासाच्या टेबलावरची लाल नेलपॉलिशची बाटली पळवली होती. आवळलेल्या बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटते, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे. "तुझ्या नखांपेक्षा यांनाच शोभते," ते म्हणायचे. रोज सकाळी लोडर उचलायच्या आधी आरसा लावून रेघा बघायच्या, हे काम भावाकडे होतं.

त्या सकाळीही बाबांनी अंगणातून विचारलं होतं, "रेघा बघितल्यास?" तो म्हणाला होता, "बघितल्या. सरळ आहेत सगळ्या." दुपारी ओल्या मातीने भरलेली बकेट वर असताना डावं ब्रॅकेट उखडलं. मागचे दोन्ही बोल्ट सैल होऊन निघाले होते. माती कुठे टाकायची ते दाखवत बाबा तिथेच उभे होते. त्यानंतर चाळीस दिवस इस्पितळ, आणि मग तेही संपलं.

इस्पितळाच्या बोळात ती भावाला म्हणाली होती, "तू बघितलंच नव्हतंस. तोंडावर 'झालं' फेकायची तुझी सवयच आहे." आई बाकावर बसून ऐकत होती. तो एकदाच म्हणाला, "बघितलं होतं, ताई." नंतर फिटरने मान हलवली, रेघ सरळ असती तर बोल्ट निघालाच कसा? तेवढं सगळ्यांना पटलं. भावाने परत ब्र काढला नाही. फक्त त्या ट्रॅक्टरवर तो पुन्हा बसला नाही, आणि महिनाअखेरीस दूरच्या एका गोदामात कामाला लागायचं ठरवून मोकळा झाला.

आता तो खाली पाठीवर आडवा झाला. तिने सॉकेटमध्ये ग्रीस भरलं आणि उजवा हात फटीत घातला. नळ्या गार होत्या. बोटं आपोआप वळली, थेट बोल्टच्या डोक्यावर टेकली, आणि डोकं फिरलं.

पाना नाही, सॉकेट नाही, नुसत्या दोन बोटांनी ते फिरलं. तिने हात झटकन मागे घेतला.

"बसलं का सॉकेट?" खालून आवाज आला.

"थांब."

तिने आरसा आणि बॅटरी घेतली. जो हललेला नव्हता, तो दुसरा बोल्ट आधी पाहिला. लाल रेघ डोक्यावरून ब्रॅकेटवर सलग आणि सरळ आलेली होती. तिने तोच बोल्ट चिमटीत धरला. तोही सैलच निघाला. रेघ शाबूत आणि बोल्ट सैल, हे कसं व्हावं? तिने आरसा आणखी तिरपा केला.

ब्रॅकेटवर एकच रेघ नव्हती. ताज्या रेघेच्या शेजारी, थोड्या अंतरावर, आणखी एक अर्धी रेघ होती, घाईत पुसलेली. तिच्यापलीकडे आणखी एक, फिकी. बोल्ट सैल होत गेला होता आणि बाबा त्याच्या मागोमाग रेघ सरकवत गेले होते. जुनी बारीक रेघ तिच्या ओळखीची होती, ती तिच्यासमोरच ओढलेली. नव्या दोन्ही जाड होत्या, हलत्या हाताच्या. फटीत हात मावत नव्हता, म्हणून त्यांनी ब्रश तारेला बांधून आत घातला असणार. रंग नळीवरही सांडला होता.

पहिल्या रेघेपासून पुढे दोन वर्षं ती आली नव्हती. येते, येते म्हणत राहिली. बाबा फोनवर म्हणायचे, "चिमट्याचं काम साठलंय बरं का." ती हसायची. लेकीला बोलवायची त्यांची ही तऱ्हा आहे, असं तिला वाटायचं, आणि त्या वाक्याने तिला दिवसभर बरं वाटायचं. ज्या बाईचं पोट शब्दन्‌शब्द अचूक वाचण्यावर चालतं, तिने ते वाक्य दोन वर्षं चुकीचं वाचलं. ते खरोखरच कामाबद्दल बोलत होते.

सॉकेट बसवावं, भावाने ओढावं, वर एक चौथी रेघ ओढावी, की चार वाजता ट्रॅक्टर जाईल. कुणाला कधी कळणार नाही. हा विचार तिच्या मनात आला आणि बराच वेळ रेंगाळला, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं.

"ताई, झोपलीस की काय आत?"

"वर ये," ती म्हणाली. "आरशात बघ."

"मी नाही बघायचो. माझं बघणं बघितलं सगळ्यांनी."

"बघ म्हणते ना."

तो उठला. तिने बॅटरी धरली. तो इतका वेळ वाकून राहिला, की तिचा हात भरून आला.

"ही सरळ आहे," तो म्हणाला.

"हो. आणि बोल्ट बोटाने फिरतोय."

"डावीकडेही अशीच होती. मी बघितलं तेव्हा अशीच होती." त्याने आरसा मडगार्डवर ठेवला. तो दोनदा घसरला. "म्हणजे मी बघितलं होतं."

"हो."

"तू म्हणालीस—"

"म्हणाले होते. चुकले. सगळ्यांदेखत म्हणाले."

तो रडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला, आणि तिच्यावर नाही. "म्हाताऱ्याने मला तोंडावर विचारलं, रेघा बघितल्यास का! स्वतः ओढलेल्या! अरे, सांगायचं ना, हात जात नाही म्हणून! नळ्या सोडल्या असत्या मी, दिवस गेला असता, तर गेला असता!" मग आवाज एकदम उतरला. "आईला नको सांगू."

"तिने माझं ऐकलंय, तर हेही ऐकू दे."

आई तेवढ्यात चहाचे कप घेऊन आलीच होती. भावाचा आवाज अंगणापर्यंत गेला होता. तिने कप बकेटच्या काठावर ठेवले. मुलीने सांगितलं, एकेक करून, आवाज न चढवता, फोनवरचं वाक्यही न गाळता. "दाखव," आई म्हणाली. मग चष्मा पुसून, पदर खोचून ती वाकली आणि तिने आपल्या नवऱ्याचं अक्षर ओळखावं तशा त्या रेघा पाहिल्या.

"हाताची बोटं वळत नव्हती त्यांची," ती आरशातच बघत म्हणाली. "शर्टाची बटणं मी लावत होते. कुणाला सांगू नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलं." ती सरळ झाली. मुलाकडे वळली. "तू बघितलं होतंस."

"हो, आई."

"मी तुला विचारायला हवं होतं." तिने त्याच्या खांद्यावरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं, ते आणखीच पसरलं. मग मुलीला म्हणाली, "रॉकेल आण."

"कशाला?"

"पुस ते. भट्टीवाला आरसा लावून बघेल. उद्या सगळीकडे होईल की म्हातारा खोट्या रेघा ओढायचा."

"आई, पुसलं तर याच्याकडे दाखवायला काय राहिलं?"

"मला कळलंय. तुला कळलंय. अजून कुणाला दाखवायचंय?"

"सगळ्यांना! फिटरला, शेजारच्यांना. तेच तर म्हणतात ना, याने—"

"पुसू दे, ताई," भाऊ म्हणाला.

तो रॉकेलची बाटली स्वतःच घेऊन आला. पण फडकं आत न्यायला त्याचा हात जात नव्हता, आईचाही. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. कुणी नजर हलवली नाही. मग तिने फडकं बोटांना गुंडाळलं आणि हात आत घातला. दुसऱ्या हातात आरसा होता, तो तिने खाली ठेवला. नेलपॉलिश रॉकेलला दाद देत नाही. नखाने खरवडावं लागलं. पहिली रेघ गेली, दुसरी गेली. आपल्यासमोर ओढलेली ती बारीक रेघ कुठली, हे बोटांना कळलं नाही, तीही गेली.

मग सॉकेट बसलं. खालून भावाने ओढलं, एक बोल्ट नऊ फेरे, दुसरा अकरा. शेवटच्या ओढीला ट्रॅक्टर जरासा हलला. तिने नवी रेघ ओढली नाही.

वीटभट्टीवाले चारच्या आधीच आले. माणूस वाईट नव्हता. बाबांबद्दल दोन शब्द बरे बोलला, चाकाला उगाच लाथ मारून पाहिली, आणि चढता चढता भावाला म्हणाला, "काय रे, या खेपेला नीट बघितलंस ना बोल्टांकडे?"

ती बोलणार, तेवढ्यात आई पायरीवरून म्हणाली, "त्याने त्याही खेपेला नीटच बघितलं होतं."

भट्टीवाल्याने आईकडे पाहिलं. नुकत्याच गेलेल्या माणसाच्या बायकोपुढे करावी तशी मान त्याने हळूच हलवली. "हो, वहिनी," तो म्हणाला, "असेल, असेल." आणि ट्रॅक्टर चालू केला.