पेठेतल्या डोणीवरची लाल फुली

मी एक जुनी दगडी डोणी आहे. गुरांनी पाणी प्यावं म्हणून एका पाथरवटाने मला अखंड काळ्या दगडातून कोरलं आणि घोटीजवळच्या एका छोट्या बाजारगावाच्या पेठेत आणून ठेवलं. भाताच्या गाड्या यायच्या, बैल माझ्यात तोंड घालायचे आणि गाडीवान माझ्या काठावर टेकून विडी ओढायचे. पुढे टेंपो आले. माझ्यात पाण्याऐवजी चहाचे कागदी कप साचू लागले. तरी माझ्यापाशी वर्दळ राहिली. डोंगरातल्या पाड्यांवरच्या जीपा माझ्यासमोरच थांबतात आणि कुसाबाई माझ्या शेजारी रानभाज्या विकते.

मित्रांनो, गेल्या वर्षी पेठ नव्याने सजवायची योजना आली. तिचा नकाशा काढायला मोहिनी नावाची एक तरुण मुलगी शहरातून मोजायची फीत घेऊन आली. तिने सगळं मोजलं आणि माझ्या अंगावर लाल फुली मारली.

"ही कशापायी?" कुसाबाईने विचारलं.

"नुसती खूण आहे, मावशी."

"झाड तोडायच्या आधी बी अशीच खूण मारतात."

मोहिनी हसली. मला ते हसणं काही खरं वाटलं नाही.

पुढच्या बाजाराला तिने नकाशा माझ्याच काठावर पसरला. माझ्या जागी कारंजं होतं. कुसाबाईने शेजारी बोट ठेवलं.

"हितं मी बसते. हितं काय हाय?"

"फुलझाडं."

"मंग मी कुठं?"

"तुमच्यासाठी मागे, नाल्याकडे ओटे बांधणार आहोत."

"तिकडं कुत्रं तरी येतंय का? एक दिस हितं बसून बघ, पोरी. मंग काढ तुझं चित्र."

मोहिनी खरंच आली. गोणपाटावर बसून तिने दुपारपर्यंत पाहिलं, की जीपमधून उतरणारा माणूस दहा पावलं चालतो, भाजी घेतो आणि पुन्हा जीपमध्ये बसतो. नाल्याकडे कुणी फिरकतही नाही. महिन्याभरात तिने नवा नकाशा आणला. त्यात ओटे इथेच होते, मीही होते.

"आज बदललं, उद्या परत बदलशील," कुसाबाई म्हणाली. तिने त्यावर मोहिनीची सही घेतली आणि एक प्रत स्वतःकडे ठेवली.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी मजूर पहारी घेऊन आले. पहिला घाव माझ्या कोपऱ्यावर बसला, टवका उडाला. मुकादमाच्या हातात जुनाच नकाशा होता! ती चूक होती की डाव, हे मला आजवर कळलेलं नाही. कुसाबाई मधे येऊन उभी राहिली. सहीचा कागद तिने त्याच्या नाकासमोर धरला आणि शेजारच्या दुकानदाराकडून मोहिनीला फोन लावून घेतला. मोहिनी फोनवर एवढ्या मोठ्याने ओरडली, की मलाही ऐकू आलं. मजुरांनी पहारी खाली ठेवल्या.

ओटे झाले. मला घासूनपुसून शेजारी नळ दिला. मित्रांनो, गाव सुधारायला कुणी आलं तर जरूर हातभार लावा. पण नकाशात आपली माणसं शोधा. सापडली नाहीत तर गप्प बसू नका, आणि सापडली तरी डोळे उघडे ठेवा.

परवा एक शेळी आली. तिने आधी वास घेतला, माझ्याभोवती एक फेरी मारली, थोडा वेळ माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मगच पाण्याला तोंड लावलं. मला तिचा मुळीच राग आला नाही.