पावशाचं पोर

धाकलीने सार्थकला दुसऱ्या बाजूला पाजायला घेतलं, तेवढ्यात सासू राहीबाई गेटातून आत आली. तिच्या कडेवर नवशा होता, धाकलीचा स्वतःचा. त्याने मान टाकली होती.

"सकालपास्नं नुसता पानी हगतोय," राहीबाई म्हणाली. "बाटली तोंडात घेत न्हाय."

ओटीवर जानकीबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. वडपे गावात त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली, पण सून बाळंतपणात गेली आणि नातवाला, सार्थकला, डब्याचं दूध पचेना. मग गोदामात खोकी उचलणाऱ्या धाकलीला, ओल्या बाळंतिणीला, त्यांनी घरी आणलं. अळिवाचे लाडू दिले, जीव लावला, खोटं कशाला बोला! अट एकच, स्वतःचं पोर इथे आणायचं नाही. दोघांना पुरणार नाही. नातवाला न पचलेले डबे नवशाकडे गेले. गरिबाचं झालं म्हणून पोट काय दगडाचं असतं?

कुंपणाशी सातभाई पाखरांचा कलकलाट चालला होता. त्यातली एक मातकट पाखरी आपल्याहून थोराड पिल्लाच्या चोचीत अळी कोंबत होती. खाऊनही ते ओरडतच होतं.

"पावशाचं पोर त्ये," राहीबाई म्हणाली. "हिच्या घरट्यात वाढलं, हिची पिल्लं ढकलून दिली, तरी भरवते येडी."

"तिला कलत न्हाय, आये. मना कलतंय."

धाकलीने सार्थकला छातीपासून सोडवलं, जानकीबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि अंगणात उतरून नवशाला ओढून घेतलं.

"धाकले, त्याचा पोट भरला नाय अजून!"

"माझ्याच्या पोटात काय हाय, काकी?"

नातवाला उचलून जानकीबाई आत गेल्या.

शेवग्याखाली बसून धाकलीने नवशाला छातीशी लावलं. त्याने ओठ हलवले आणि सोडून दिले. तिने दाबून पाहिलं. छाती भरलेली, पण पान्हा काही फुटेना. ती रडकुंडीला आली.

आतून सार्थकने टाहो फोडला. धाकलीचं अंग झिणझिणलं, ब्लाउज भिजला, आणि धार नवशाच्या गालावरून ओठांत गेली. त्याने गिळलं. पुन्हा तोंड उघडलं.

धाकलीला स्वतःच्या अंगाची शिसारी आली. पण नवशा पीत होता.

आत जानकीबाईंनी अंगाई धरली. रडणं मंदावलं, तशी धारही आटली. नवशाचे ओठ नुसतेच हलत राहिले.

"काकी!" धाकली ओरडली. "तेला गप नका करू! रडू द्या!"

राहीबाईने तोंडाला पदर लावला.

अंगाई मधेच थांबली. थोड्या वेळाने सार्थक पुन्हा रडायला लागला, आणि त्याला कुणी उगी केलं नाही.