उत्तरेची खिडकी

जुन्या शहराच्या रुईबाजारात पारखीबाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिला एकच मोठी खिडकी होती, उत्तरेला. ऊन तिच्यातून कधी आत आलं नाही, उजेड मात्र भरपूर यायचा. रुईची प्रत ठरवायची तर असाच उजेड लागतो. उन्हात रुई उगाच झळकते, दिव्याखाली पिवळी पडते. उत्तरेच्या उजेडात ती जशी असेल तशी दिसते. रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी बाई मिनिटभर हात जोडून उभ्या राहत, मग काळा एप्रन चढवून कामाला बसत. पुंजका काळ्या कागदावर ठेवायचा, रंग बघायचा, मग दोन्ही चिमटींत धरून हळूच ओढायचा आणि धाग्याची लांबी न् जोर बोटांना विचारायचा.

त्यांचा एक नेम होता. पहिला पुंजका उचलल्यापासून शेवटचा खाली ठेवेपर्यंत त्या तोंडातून शब्द काढत नसत. बोलताना मन माणसाकडे जातं आणि माणूस आवडता असला की त्याची रुईही पांढरी दिसायला लागते, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. तीस वर्षांत हा नेम मोडला नव्हता. व्यापारी जिन्यात ताटकळत, कुरकुरत, पण वर येऊन हाक मारायची कुणाची छाती होत नसे. कारण बाईंच्या सहीची चिठ्ठी गाठीला लागली की लांबलांबच्या गिरण्या ती गाठ डोळे मिटून घेत. जुन्या शहराची ऐट म्हणाल तर त्या खोलीवर उभी होती, आणि ही गोष्ट बाजारातला प्रत्येकजण भेटेल त्याला ऐकवत असे.

नवं शहर बसने चार तासांवर होतं. वीस वर्षांपूर्वी तिथे एक रेल्वे स्थानक आणि दोन गुदामं होती. आता तिथली वस्ती जुन्या शहराच्या दीडपट झाली होती, तरी जुन्या शहरातले लोक त्याला हट्टाने "ते गाव" म्हणत. तिकडचे लोकही काही कमी नव्हते. ते जुन्या शहराला "संग्रहालय" म्हणत.

बाईंचा धाकटा भाऊ त्याच गावात गेला होता. वडिलांनी दोघांना एकाच टेबलावर शिकवलं होतं. पुढे भावाने रुईबाजाराच्या मंडळाकडे धाग्याची लांबी मोजायचं यंत्र मागितलं. मंडळाने तीन वर्षं विचार केला. चौथ्या वर्षी भावाने बॅग भरली. आता नव्या शहरातल्या प्रतवारीच्या दालनाचा तो मुख्य होता, शेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, हाताखाली दहाजण. पण बाईंच्या लेखी अजून छोट्याच. दर रविवारी त्याचा फोन येई. आधी तब्येती, मग मुलांचे अभ्यास आणि मग कुणाचं शहर मोठं यावर अर्धा तास. तुमच्याकडची लिफ्ट चालू झाली का, असं तो विचारी. तुमच्याकडे एखादं झाड उगवलं का, असं बाई विचारत.

ही थट्टा अंगावर आली ती गिरण्यांच्या संघाचं पत्र आल्यावर. दोन शहरांच्या दोन चिठ्ठ्या आणि त्यांवरून होणारी भांडणं याला संघ कंटाळला होता. यापुढे प्रत एकाच ठिकाणी ठरणार होती. कुठे, ते ठरवायला परीक्षा होती. चाळीस नमुने दोन्ही शहरांत तपासायचे. त्या रुईचं सूत गिरण्यांनी आधीच कातून, रंगवून पाहिलेलं होतं, म्हणजे खरं उत्तर संघाच्या सचिवांकडे बंद पाकिटात होतं. शिवाय प्रत्येक शहराच्या पारख्याने दुसऱ्या शहराच्या परीक्षेला साक्षीदार म्हणून बसायचं. साक्षीदाराने प्रत्येक नमुन्याचा एक पुंजका हातात घेऊन बघावा, पण रुईबद्दल अवाक्षर काढू नये.

हरलेल्या शहरातली खोली बंद होणार, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. ते न लिहिताही सगळ्यांना कळलं होतं.

पहिल्या दिवशी परीक्षा जुन्या शहरात झाली. भाऊ कोपऱ्यातल्या लहानपणच्याच स्टुलावर बसला, आणि बाईंनी नेहमीसारखं मुक्याने चाळीस नमुन्यांचं काम उरकलं. जाताना तो एवढंच म्हणाला की जिना चढून दम लागतो, तुमच्या मंडळाला सांग. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने बाई नव्या शहराला निघाल्या. बाजारातले मापाडीकाका, ज्यांनी बाईंना फ्रॉकमध्ये पाहिलं होतं, त्यांना बसपर्यंत सोडायला आले. सचिवांचं वजन करायची वेळ आली तर मला बोलवा, असं म्हणून त्यांनी आधी हसवलं, मग हळूच म्हणाले, "बाई, काहीही करा, पण आपलं नाक राहू द्या."

नव्या शहराचं दालन महिन्यापूर्वीच उघडलेलं होतं. बाईंची खोली त्यात पंधरा वेळा मावली असती. भिंती म्हणाव्यात तर नव्हत्याच, सगळी काच. टेबलांच्या दोन रांगा, लांबी मोजायची चार यंत्रं आणि काळे एप्रन घातलेल्या तरण्याताठ्या पोरी. भावाने छाती फुगवून सगळं दाखवलं. "काच मुद्दाम मागवलीय, ताई. उजेड आत, उकाडा बाहेर. तुझ्यासारखं एका खिडकीवर दिवस काढायला नको." बाई म्हणाल्या, छान आहे. खरोखरच छान होतं. मनातून कौतुक वाटलं आणि त्या कौतुकामागोमाग आपली एक खिडकी आठवली.

दहाला काम सुरू झालं. संघाचे सचिव, हडकुळे, कधी न हसणारे गृहस्थ, टोकाच्या खुर्चीत बसले. बाई आपला काळा एप्रन चढवून एकेक पुंजका हातात घेत होत्या. नमुने कालचेच, क्रमांक तेवढे बदललेले. सहावा नमुना हातात आला आणि बाईंच्या बोटांनी तो लगेच ओळखला. लांब, जरा चिवट धागा. काल याच रुईवर दुधाच्या सायीसारखी पिवळट झाक होती, म्हणून बाईंनी तिला दुसरी प्रत दिली होती. आज ती पांढरीशुभ्र होती. समोरच्या मुलीने बिनदिक्कत पहिली प्रत लिहिली.

बाईंनी डोळे मिटून उघडले. पांढरीच. नवव्या नमुन्याचंही तेच झालं, अकराव्याचंही. मग त्यांच्या मनाने पुढची वाट धरली. वय अठ्ठावन्न. आईची नजर साठीला अधू झाली होती. म्हणजे काल आपल्यालाच पिवळं दिसलं असेल तर? आणि कालच का, गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी किती गाठींवर आपण खोटी सही ठोकली असेल? तीस वर्षं ज्या हातांनी सही केली ते हात त्यांनी एप्रनला पुसले आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेत बसून राहिल्या.

सोळा नमुने झाल्यावर जेवणाची सुट्टी झाली. भाऊ सचिवांना आग्रह करण्यात गुंतला होता. बाईंना चारचौघांत बसून जेवायचं नव्हतं, म्हणून त्या डबा घेऊन मागच्या दाराने बाहेर पायऱ्यांवर आल्या. तिकडे इमारतीची सावली होती, वर स्वच्छ आभाळ. डबा मांडीवर ठेवताना त्यांना एप्रनवर चिकटलेला एक पुंजका दिसला. बोटांनी उचलला. तीच चिवट रुई, सहाव्या नमुन्याची.

पिवळट होती.

बाई उठून दारात आल्या, पुंजका काचेच्या आतल्या उजेडात धरला. पांढरा. बाहेर धरला, पिवळट. आत, बाहेर, आत, बाहेर. मग त्यांनी मान वर करून ती मागवलेली काच नीट पाहिली. उकाडा अडवणाऱ्या त्या काचेत अगदी फिकट निळी छटा होती. कपडे धुताना नीळ घातली की पिवळेपणा लपतो, तसा या दालनात रुईचा पिवळेपणा लपत होता. आतल्या मुलींचे डोळे महिनाभरात त्याला सरावले होते.

बाईंचा जीव भांड्यात पडला. डोळे शाबूत होते, सह्या खऱ्या होत्या. त्या पायरीवर बसल्या, डबा उघडला आणि भूक लागली आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या घासाला मात्र हात थांबला. याचा अर्थ नवं शहर हरणार होतं. कुणी काही करायची गरज नव्हती. संध्याकाळी पाकीट उघडेल, सगळ्या पिवळट नमुन्यांवर चूक पडेल, आणि तिसऱ्या मजल्यावरची खोली, मापाडीकाकांचं नाक, बाजाराची ऐट सगळं जागच्या जागी राहील. साक्षीदाराने बोलायचं नाहीच, हा तर नियम होता. इतका सोयीचा नियम त्यांच्या आयुष्यात कधी आला नव्हता. तोंडात मूग धरून बसायचं, बस.

बाईंनी डबा शांतपणे संपवला. अन्नावरून उठायचं नाही, हाही त्यांचा एक नेम होता. संपवता संपवता त्यांना वडील आठवले. दोन मुलांच्या मध्ये बसलेले, एकेक पुंजका दोघांच्या हातात देणारे. रुईतला दोष दिसला की लिहायचा, मग गाठ कुणाची का असेना. गाठीवर शहराचं नावही लिहिलेलं असे, पण ते वाचायला त्यांनी कधी शिकवलं नव्हतं.

हात धुऊन त्यांनी एका मुलीला सांगून भावाला बाहेर बोलावलं.

"छोट्या, हा धर. आता दारात ये आणि बघ."

भावाने पाहिलं. आत, बाहेर, पुन्हा आत. त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो पायरीवर बसला. महिनाभरात तीन गिरण्यांनी रंगवल्यावर कापड डागाळतं म्हणून कळवलं होतं आणि त्याने तिन्हींना रंगारी बदला असं उत्तर धाडलं होतं, हे त्याने खाली मान घालून सांगितलं.

"तुला बोलायला मनाई होती," तो म्हणाला.

"रुईबद्दल. काचेबद्दल पत्रात काही नाही, मी दोनदा वाचलंय."

"आणि तुमचं संग्रहालय?"

"ते आमचं आम्ही बघू. तू आधी तुझ्या गावाचं बघ."

भाऊ पायरीवरून उठला. गुपचूप टेबलं हलवली असती तरी चाललं असतं, पण तो सरळ सचिवांपुढे जाऊन उभा राहिला. दालनाच्या काचेत दोष आहे, तो आम्हाला दिसला नाही, ताईला दिसला. झालेले सोळा नमुने रद्द धरा आणि सगळे चाळीस उत्तरेच्या व्हरांड्यात पहिल्यापासून तपासू द्या, अशी त्याने विनंती केली. सचिवांनी चष्मा काढला, स्वतः पुंजका घेऊन दारात आत-बाहेर केलं आणि होकार दिला. दुपारभर त्या मुली व्हरांड्यात टेबलं मांडून बसल्या, वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांवर पाण्याचे पेले ठेवून. बाई कोपऱ्यात तोंड मिटून बसल्या.

संध्याकाळी पाकीट उघडलं. जुन्या शहराचे चाळीसपैकी अडतीस बरोबर. नव्या शहराचेही अडतीस. सचिवांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पाहत राहिले. चुकलेले दोन नमुनेही तेच होते.

"वडिलांना त्या जातीची रुई कधी जमलीच नाही," भाऊ म्हणाला, आणि सचिव हसले. ते हसतात हे त्यांच्या कारकुनालाही त्या दिवशीच कळलं.

निकाल आठवड्याने आला. रेल्वे आणि गुदामं तिकडे, म्हणून रोजची प्रतवारी नव्या शहरात होणार. मात्र प्रतीवरून तक्रार आली की फेरतपासणी जुन्या शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर, आणि तो शब्द शेवटचा. सचिवांनी खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की जिथे प्रत ठरते तिथेच तक्रार ऐकली, तर काचेचा रंग कुणालाच दिसणार नाही.

जुनं शहर आधी रुसलं. मापाडीकाका आठ दिवस बाईंशी बोलले नाहीत. समोरून आल्या की वजनाचा काटा पुसायला घेत. बाजारात गाड्या कमी झाल्या हे खरंच होतं, सकाळी गल्लीतून सरळ चालता येऊ लागलं. बाईंना त्या गर्दीची अधूनमधून आठवण येई. पण नवव्या दिवशी त्यांनी मापाडीकाकांना एका परगावच्या व्यापाऱ्याला सांगताना ऐकलं, "ते गाव नुसती प्रत लावतं हो. न्याय आमच्याकडे होतो." त्या न थांबता जिना चढल्या, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत हसू काही आवरलं नाही.

भावाने दालनाची उत्तरेकडची काच बदलून साधी बसवली. तक्रारीचे नमुने तो दर गुरुवारी स्वतः घेऊन येतो. कुणाकरवी पाठवता आले असते, पण येतो. लिफ्ट अजून बंदच आहे, तो धापा टाकत वर पोचतो तेव्हा बाईंचं काम सुरू झालेलं असतं. त्या मान वर करत नाहीत. पायानेच स्टूल त्याच्याकडे सरकवतात. तो बसतो, घाम पुसतो आणि आपल्या दालनाने लावलेली पहिली प्रत ताईच्या कागदावर दुसरी होताना किंवा पहिलीच राहताना बघतो. शेवटचा पुंजका खाली ठेवला की बाई एप्रन झटकतात, खिडकीबाहेर एकदा बघतात.

"चहा घेणार ना?" त्या विचारतात. "की गावाकडची बस चुकेल?"