झारीत बसलेला शुक्राचार्य

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. पत्र्याची, लांब तोटीची, बुडाशी एक पोचा आलेली. आधीच सांगून टाकते, मागाहून कुणी तोंडावर फेकायला नको: माझ्या पाण्याने सात झाडं मेली. आठवं कसं वाचलं, ते सांगायला बसले आहे.

मला एका पत्रेवाल्याने घडवलं. तोटीला डाख देताना त्याचं बोट भाजलं, आणि स्वतःच्या धांदरटपणाचा राग त्याने माझ्यावर काढला. त्याच्याकडून मला बाईंनी आणलं. बाई म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींची बायको. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात खिडकीशी ओळीने आठ कुंड्या होत्या. सगळ्यांत थोरलं रबराचं झाड. मुलगी जन्मली त्या वर्षी बाईंनी ते एका फांदीवरून वाढवलेलं.

बाईंची एक खोड होती. मला काठोकाठ भरायच्या, कुंडीपाशी न्यायच्या आणि आधी मातीत बोट खुपसायच्या, चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत. बोटाला माती चिकटली की म्हणायच्या, "आज नको." बोट माझ्याच अंगाला पुसून पुढे चालायच्या. कित्येकदा मी भरलेली जायची आणि भरलेलीच परत यायची. मला राग यायचा. वाटायचं, काय ही चिक्कू बाई! घड्याळजी तोवर दुकानात गेलेले असायचे. त्यांनी ते बोट कधी पाहिलंच नाही.

मग एका हिवाळ्यात बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. घड्याळजींनी दुकान बंद केलं, भिंतीवरची जुनी घड्याळं घरी आणली. सकाळी आठ वाजता ते सगळ्यांना किल्ली द्यायचे आणि तसेच माझ्याकडे वळायचे. "घड्याळाला रोज किल्ली, झाडाला रोज पाणी," असं म्हणत मला उचलायचे. आयुष्यभर ज्याला किल्ली दिली ते चालत राहिलं. माणसाला दुसरं काय ठाऊक असणार?

मी मात्र खूश होते. रोज काम, रोज हाताचा स्पर्श! पाणी घालताना घड्याळजी झाडांशी बोलायचे. गुडघा दुखतोय. पोरीचा फोन आला नाही. आज आमटी खारट झाली. दिवसभरातलं त्यांचं बोलणं तेवढंच. ते लांबावं म्हणून ते मला दुसऱ्यांदा भरायचे, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

पहिल्यांदा नेच्याची पानं पिवळी पडली. "तहानलंय बिचारं," घड्याळजी म्हणाले आणि पाणी वाढवलं. तो गेला. फरशीवर ओघळ येतात म्हणून त्यांनी मातीच्या कुंड्या माळ्यावर टाकल्या आणि चकचकीत कुंड्या आणल्या. त्यांना खाली भोकच नव्हतं. दुकानदाराने सांगितलं होतं, तळाला खडी घाला की झालं. खडीत पाणी साचलं आणि मुळं त्यात कुजली. शेजारच्या काकूंनी सांगितलं, पानांना तेल लावा, खत दुप्पट घाला. तेही केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! मला सगळं दिसत होतं, पण मला तोटी आहे, तोंड नाही. दर झाडामागे घड्याळजी म्हणायचे, "मीच कमी पडलो." आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना जास्त पाणी मिळायचं.

शेवटी एकटं रबराचं झाड राहिलं. त्याचीही पानं गळू लागली.

त्याच सुमारास घड्याळजींच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. पंधरा दिवस मी खिडकीत कोरडी पडून होते. घड्याळंसुद्धा एकेक करून थांबली. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सोबतीला आली ती एक कुंभारमाशी. तिने माझ्या तोटीत चिखलाचं घर बांधलं.

परत आल्यावर घड्याळजींनी चपलाही काढल्या नाहीत. काळा चष्मा तसाच ठेवून त्यांनी मला काठोकाठ भरलं. "पंधरा दिवस उपाशी ठेवलं गं तुला," ते झाडाला म्हणाले आणि मला वाकवलं. थेंबही पडला नाही.

मुलगी हसली. "बाबा, झारीत शुक्राचार्य बसलाय."

"तार आण बारीक."

"जपून. त्याचाही डोळा फुटायचा."

घड्याळजी तार शोधायला लागले, तेवढ्यात तिने सहज मातीत बोट खुपसलं. दुसऱ्या पेरापर्यंत. मग ती हसायची थांबली.

"बाबा, माती अजून ओली आहे."

"कशी असेल? पंधरा दिवस झाले."

"बघा ना. आई असंच बोट घालून बघायची. चिकटली तर पाणी नाही."

घड्याळजींनी बोट घातलं. ओल्या मातीने भरलेलं ते बोट ते बराच वेळ पाहत राहिले. "मग ती सात तहानेने नाही गेली," ते हळूच म्हणाले. "मी बुडवली."

मुलीने माळ्यावरून जुनी कुंडी काढली, झाड उपटलं, काळी पडलेली मुळं कापली, कोरड्या मातीत ते पुन्हा लावलं. हात धुऊन आली तेव्हा घड्याळजी खुर्चीत बसून होते.

"मग रोज सकाळी मी करू काय?" त्यांनी विचारलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बोट घाला," ती म्हणाली. "आणि काय निघालं ते मला फोन करून सांगा."

मित्रांनो, शुक्राचार्य म्हणजे नको तिथे अडून बसणारा. माझ्या तोटीतला मात्र हवा तिथेच अडला होता. घड्याळजींनी मला रिकामं करून भिंगातून आत पाहिलं आणि माशीची पिल्लं उडून जाईपर्यंत तार लावली नाही.

आता रबराच्या झाडाला तीन नवी पानं आहेत. मला बारा-पंधरा दिवसांतून एकदा काम मिळतं. बाकीचे दिवस मी रिकामी असते, आणि खरं सांगते, एकटं वाटतं. पण तुम्ही कुणाला जीव लावाल, तेव्हा ओतण्याआधी बोट घालून विचारा. पाणी काय, नंतरही घालता येतं. घड्याळजी आठ वाजता येतात, मातीत बोट खुपसतात आणि ते माझ्या अंगाला पुसतात. "आज नको," म्हणतात, आणि फोनकडे वळतात.