खालच्या कप्प्यातली गाणी

आमच्या ह्यांचा देवावर विश्वास आहे, पण भक्तिगीतांच्या कॅसेटवर नाही. तरी घरात त्या ढिगानं आल्या. दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी उतरलेला काशीयात्रेचा पाहुणा जाताना एक कॅसेट ठेवून जायचाच. हे त्या मुकाट्यानं कपाटाच्या वरच्या कप्प्यात रचायचे. खालचा कप्पा मात्र त्यांचा स्वतःचा. जमिनीवर मांडी घालून बसलं की हात पोचेल असा.

तिथे काय होतं? रेल्वेत लागले त्या वर्षी घेतलेल्या एका बाईंच्या ठुमऱ्या होत्या. त्यांच्यापायी हे चहाच्या दुकानातला अड्डा सोडून संध्याकाळी घरी यायला लागले, म्हणून त्या बाईंवर माझा राग नाही. पुण्याच्या मामांनी पाठवलेली नाट्यपदं होती. बनारसमध्ये जन्मलेल्या ह्या माणसानं त्यांवर आपला ‘ळ’ घोटून घेतला. आणि सॅक्सोफोनची एक होती, राजाघाटाजवळ राहिलेल्या एका फिरंग्यानं परत जाताना विकलेली. ती पहिल्यांदा ऐकून हे म्हणाले, “कोण रडतंय हे?” पुढे तिच्याशिवाय ह्यांची रविवारची दाढी होईना. माझं मत विचाराल, तर नीलकंठ नावाचा हा माणूस अर्धा आईबापांनी घडवला आणि अर्धा त्या कप्प्यानं.

गंगेच्या ओलीनं कव्हरं सडली, कॅसेटवरचे कागद सुटले, तेव्हा ह्यांनी प्रत्येक डबीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर ‘वर’ नाहीतर ‘खाली’ लिहिलं. झाडपूस करताना कप्पे बदलू नयेत म्हणून.

“गाण्याचं नाव तरी लिहा,” मी म्हटलं.

“घरातल्या माणसांच्या पाठीवर नावं लिहितो का आपण?” म्हणे.

यंदा ह्यांना सत्तरावं लागलं. आम्ही दोघं नाशिकला एका लग्नाला गेलो होतो. तेवढ्यात आमची सून ईशानी हिनं कपाट उघडलं. ती लखनौत वाढलेली मराठी मुलगी. बोलते मराठी, वाचते हिंदी. पण मनानं सोनं आहे, आणि हे सुनेबद्दल मी म्हणतेय. रोज ऑफिस सुटल्यावर लहुराबीर चौकातल्या रेकॉर्डिंगच्या दुकानात बसून तिनं एकेक कॅसेट ऐकली, साफ करून घेतली, पेन ड्राइव्हवर भरली. आम्ही वाढदिवसाच्या सकाळीच परतलो, औक्षण झालं आणि तिनं तो ह्यांच्या हातावर ठेवला.

“बाबा, तुमच्या सगळ्या कॅसेट! आता कधी खराब नाही होणार.”

ह्यांचा चेहरा लहान मुलासारखा फुलला. स्पीकर लावला. आरत्या. पुढचं लावलं. स्तोत्रं. मग टाळ, मग चिपळ्या, मग कुणाच्या तरी मुंजीची मंगलाष्टकं. हे बटण दाबत राहिले आणि चेहरा उतरत गेला.

“बास, एवढंच?” शेवटी ह्यांनी विचारलं.

“हो ना. ‘वर’ लिहिलेल्या सगळ्या घेतल्या. वर म्हणजे आशीर्वादवाल्या, भजनं होती ना त्यांत. बाकी तर खाली होत्या, तुम्हीच लिहिलं होतं की! त्या कबाडीवाल्याला देऊन टाकल्या.”

राजाघाट बांधणाऱ्या अमृतरावांच्या घराण्यात म्हणे ‘ध’चा ‘मा’ झाला होता. तिथे निदान एक अक्षर बदलावं लागलं. आमच्याकडे अक्षर तेच राहिलं, फक्त पोरीनं ते हिंदीत वाचलं, ‘खाली’ म्हणजे रिकामी, आणि आयुष्यभराचं गाणं रद्दीत गेलं. मी तोंड उघडलं, तर ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“खाली होत्या ना, बाबा?” ईशानीला आमच्या चेहऱ्यांवरून शंका आली असावी.

“हो गं,” हे म्हणाले, “खालीच होत्या.”

मग हे पान आणायला म्हणून बाहेर जाऊन आले. ईशानी आत असताना मी ह्यांना धारेवर धरलं. “सांगितलं का नाही तिला? कबाड्याकडे जाऊन बघता तरी आलं असतं.”

“बघून आलो आत्ता. पानाच्या निमित्तानं गेलो होतो ना? माल गेला त्याचा. आता तिला कळलं, तर पोर जन्मभर माझ्यासमोर मान वर करणार नाही. जाऊ दे, शरदिनी.”

असं हे म्हणाले खरे, पण त्या दिवसापासून घर मुकं झालं. आरत्या लागायच्या, ईशानी खूश व्हायची, हे मान डोलवायचे. मला तो शहाणपणा बघवेना.

परवा सकाळी दाढी करताना ह्यांच्या तोंडून नकळत त्या बाईंची एक ठुमरी आली. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. मूळ कॅसेटमध्ये ती अर्ध्यात तुटायची, बाजू उलटली की पुढे सुरू व्हायची. हे बरोबर त्या तुटल्या जागी थांबले. त्यांचा हात कॅसेट उलटायला हवेत गेला असणार, मला न बघताही कळलं. आता काय उलटणार बिचारे? मला इतकं भरून आलं, की कणकेच्या हातांनीच मी बाहेर आले आणि पुढची ओळ म्हटली. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं. तरी पूर्ण म्हटली, तिच्यापुढचीसुद्धा.

हे गालाला साबण लावून बघतच राहिले.

“तुला येतं हे?”

“इतकी वर्षं काय कानात बोळे घालून पोळ्या लाटत होते मी?”

ह्यांच्या डोळ्यांतलं पाणी साबणावर उतरलं. पण माणूस स्वभाव थोडाच सोडतो!

“दुसरी ओळ चुकलीस,” हे म्हणाले. “परत म्हण.”